कझान घ्यायचा, पण कोणत्या भाषेतला?

उझबेकी पलोव, म्हणजे तिथला मटण-गाजराचा पुलाव, घरी करायचा ठरवला की पहिली अडचण तांदळाची येत नाही, भांड्याची येते. त्या भांड्याचं नाव कझान. हा एकच शब्द वेगवेगळ्या देशांच्या ऑनलाइन दुकानांत टाकून पाहा. उझबेकिस्तानात बिडाचं खोल, गोल बुडाचं भांडं दिसेल. तुर्कस्तानात लग्नाच्या पंगतीचं पिंप आणि इमारतीच्या तळघरातला बॉयलर दिसेल. सर्बियात तांब्याची दारूची भट्टी आणि बल्गेरियात, शब्दाला छोटा प्रत्यय लागला तर, संडासाची फ्लश टाकी. त्यामुळे पलोवच्या कझानचं परीक्षण करताना शब्दाला बगल देता येत नाही. नाव नीट कळलं नाही तर चुकीचं भांडं घरी येतं, आणि बिडाचं सात किलोचं पार्सल परत पाठवणं सोपं नसतं.

शब्द मूळचा तुर्की भाषाकुळातला. तुर्की आणि अझरबैजानीत काझान-गाझान, तातार व किरगिझमध्ये कझान, उझबेकीत कोझोन, तुर्कमेनीत गझान. कझाकमध्ये 'कझान' म्हणजे भांडं आणि ऑक्टोबर महिनासुद्धा. तिथल्या संकेतस्थळावर शोधताना तारखाच तारखा आल्या तर गोंधळू नका. 'काझ' म्हणजे खणणे, कोरणे, या धातूवरून 'कोरून खोल केलेलं' असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. पण शब्दाचं वय सांगणारा खरा साक्षीदार आहे व्होल्गाकाठची चुवाश भाषा. तिथे याच भांड्याला 'खुरान' म्हणतात. बाकीच्या तुर्की भाषांत जिथे 'झ' येतो तिथे चुवाशमध्ये 'र' येतो: तुर्कीत नऊला 'दोकुझ', चुवाशमध्ये 'तख्खर'. त्याच नियमाने कझानचा खुरान झाला. म्हणजे चुवाशची शाखा फुटण्याआधीच हा शब्द त्या कुळात होता, आणि ती फूट साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. आपल्या कढईशी मात्र त्याचं नातं नाही. कढई संस्कृत 'कटाह'वरून आली. दोन्ही शब्दांत 'क' आहे आणि दोन्ही भांडी चुलीवर चढतात, एवढंच.

स्लाव्हिक लोकांकडे मोठ्या भांड्यासाठी आपला एक शब्द आधीपासून होता. रशियनमध्ये तो 'कोत्योल', सर्बियनमध्ये 'कोताओ', आणि तोही जर्मानिक भाषांमार्गे लॅटिनमधून आलेला. मग तुर्की शेजाऱ्यांचा कझान का घेतला? कारण भांडं वेगळं होतं. गवताळ पठारावरून आलेला कझान रशियनमध्ये आजही पलोव आणि शूर्पाच्या (मटणाच्या रश्श्याच्या) भांड्यापुरताच राहिला, आणि बॉयलरसाठी त्यांनी आपला जुना कोत्योल ठेवला. तुर्कस्तानात नेमकं उलटं झालं: वाफेचा बॉयलर 'काझान', तळघरातली बॉयलरची खोली 'काझान दाइरेसी', आणि रोजच्या स्वयंपाकाचं पातेलं 'तेंजेरे'. म्हणून इस्तंबूलच्या दुकानात 'काझान' मागितला की दुकानदार तीस-चाळीस लिटरचं पिंप दाखवतो. त्याची चूक नाही. तिथे बिडाचं भांडं हवं असेल तर 'दोक्युम तेंजेरे', म्हणजे ओतीव पातेलं, असं मागावं.

बाल्कन देशांत ऑटोमन राजवटीबरोबर शब्द पोचला तो तांब्याच्या भांड्यासह. सारायेवोच्या जुन्या बाजारपेठेत तांबटांची गल्ली आहे, तिचं नावच काझांजिलुक. सर्बियात काझान म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळण्याची भट्टी. आलुबुखार आंबवून त्यात घालायचे, वर 'कापाक' म्हणजे झाकण बसवायचं (हाही तुर्की शब्द), सांधे कणकेने लिंपायचे आणि मंद आचेवर गाळत बसायचं. डॅन्यूब नदी सर्बिया आणि रुमानियाच्या मधल्या डोंगरांत जिथे अतिशय अरुंद होते त्या खिंडीलाही थोरला काझान आणि धाकटा काझान म्हणतात. नदीवरच्या मासळीच्या रश्श्यासाठी टांगायचं भांडं हवं असेल तर सर्बियात 'कोत्लिच' मागा. काझान मागितलात तर भट्टीवाल्याकडे पाठवतील. तांब्याची छोटी शोभिवंत भट्टी प्रवासात हौसेने घ्यावीशी वाटते. शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही, पण स्वयंपाकाला ती निरुपयोगी आहे आणि तिच्यात दारू गाळणं महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बल्गेरियात 'काझान' तोच, पण 'काझांचे' म्हणजे छोटा काझान ही फ्लशची टाकी. लहान आकाराचं भांडं हवं म्हणून तिथे हा शब्द वापरू नका.

या भांड्याला त्या समाजांत मान किती, हे दोन गोष्टींवरून कळतं. तैमूरने १३९९ मध्ये ओतवून घेतलेला ताय-कझान आज कझाकस्तानातल्या तुर्किस्तान शहरात, खोजा अहमद यसवीच्या दर्ग्यात आहे: व्यास २.२ मीटर, वजन दोन टन, पोटात तीन हजार लिटर पाणी. १९३५ मध्ये तो लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात नेला होता, १९८९ मध्ये परत आला. आणि ऑटोमन सुलतानाच्या जानिसारी फौजेत पलटणीचा कझान निशाणाइतका पवित्र होता. शिपायांनी तो मैदानात आणून उपडा केला की बंड झालं असं समजायचं. १८२६ मध्ये तो शेवटचा उपडा झाला आणि सुलतान दुसऱ्या महमूदने फौजच मोडून काढली.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ.

पलोवसाठी जो कझान घ्यायचा तो मध्य आशियाई, आणि त्यात दोन घाट मिळतात. रशियन आणि युक्रेनियन विक्रेते बऱ्याचदा गोल बुडाच्या कझानला 'उझबेकी' आणि सपाट बुडाच्या कझानला 'तातारी' म्हणून विकतात. नावावर जाऊ नका, बुडाचा फोटो मागा. गोल बुडाचा कझान हा ओचाकसाठी बनवलेला असतो. ओचाक म्हणजे मातीची किंवा लोखंडी चूल. हा शब्दही रशियनने 'ओचाग' म्हणून उचलला. त्या चुलीत कझान नुसता टेकत नाही, खांद्यापर्यंत आत उतरतो. आच बुडाला लागते तशी चहूबाजूंच्या भिंतींनाही लागते आणि तांदूळ सगळीकडून शिजतो. आपल्या घरगुती शेगडीवर तेच भांडं डुगडुगतं, ज्योत मधल्या बोटभर जागेवर एकवटते, तळ करपतो आणि काठ कोमट राहतो. रिंग लावून डुगडुगणं थांबेल, करपणं थांबणार नाही. फ्लॅटमध्ये गॅसवर करणाऱ्यांनी सपाट, जाड बुडाचाच घ्यावा. इंडक्शनवर तर गोल बूड चालतच नाही. अंगण, शेत किंवा गच्ची असेल आणि लाकडावर करायची तयारी असेल तर मात्र गोल बुडाला तोड नाही, आणि विटांची तीन बाजूंनी बंद चूल मांडली तरी काम भागतं. कझानचा निम्मा भाग विटांच्या आत गेला पाहिजे एवढं पाहा.

धातूचा प्रश्न सोपा आहे. पहिली पसंती बिडाला. फर्गाना खोऱ्यातल्या नमनगानचे बिडाचे कझान सगळ्या मध्य आशियात नावाजलेले आहेत. बीड हळू तापतं, पण तापल्यावर गाजर-मटण पडलं तरी थंड होत नाही, आणि झाकण ठेवून मंद आचेवर मुरवताना उष्णता धरून ठेवतं. दुसरी पसंती ओतीव ॲल्युमिनियमला. वजनाला निम्म्याहून हलका, गंजत नाही, आणि उझबेकी घरांत रोजच्या वापरात असतो. पण टोमॅटो, दही, चिंच असलं आंबट त्यात शिजवू नये, आणि आच बंद केली की तो लगेच निवतो, त्यामुळे शेवटची वीस मिनिटं आच सांभाळावी लागते. मुलामा दिलेला, म्हणजे एनॅमलचा, कझान पलोवसाठी घेऊच नये. तेल धूर सुटेपर्यंत तापवलं की मुलाम्याला बारीक तडे जातात आणि मग त्याचे टवके अन्नात येतात.

तांब्याचे कझान अझरबैजानात आणि तुर्कस्तानात सुरेख मिळतात. त्यांना आतून कल्हई असते, आणि तिथे 'कालाय' म्हणतात तो शब्द आणि आपली कल्हई एकाच अरबी शब्दाची लेकरं आहेत. सर्ब आणि बल्गेरियनांकडेही तो 'कालाय'च. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. पलोवसाठी तेल तापवताना रिकामं भांडं हा आकडा सहज ओलांडतं, कल्हई ओघळून तळाशी गोळा होते आणि उघडं तांबं अन्नाला लागतं. तांब्याचा कझान रश्श्याला, खिरीला, पाण्याच्या पदार्थांना वापरा. कल्हईवाला गाठणं आता आपल्याकडेही सोपं राहिलेलं नाही, हेही घेण्यापूर्वी लक्षात ठेवा.

माप लिटरमध्ये असतं, काठोकाठ भरलेल्या पाण्याचं. एक किलो तांदळाच्या पलोवला ८ लिटरचा लागतो, अर्ध्या किलोला ५ ते ६ लिटरचा, दीड किलोला १२ लिटरचा. चौघांच्या घरात सहा लिटरचा पुरतो. पण वर्षातून चारदा दहा माणसं जेवायला येत असतील तर आठचाच घ्यावा, कारण मोठ्या कझानमध्ये थोडं करता येतं, छोट्यात जास्त अजिबात करता येत नाही. आठ लिटरचा बिडाचा कझान झाकणाशिवाय सहा-सात किलोच्या घरात जातो. विमानाने आणणार असाल तर तो चेक-इन बॅगेत मधोमध, आतल्या पोकळीत कपडे कोंबून ठेवा. बीड कठीण असतं तसंच ठिसूळही, आणि कानाशी आपटलं की तुकडा उडतो.

विकत घेताना चार गोष्टी हाताने तपासाव्यात. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर आवाज खणखणीत आणि लांबत जाणारा यावा; बद्द किंवा थरथरता आला तर कुठेतरी तडा आहे. काठावरून बोट फिरवून भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का पाहा. एका बाजूला पातळ असेल तर ओतताना साचा सरकलेला आहे, आणि तीच बाजू दर वेळी करपणार. आतल्या अंगाला मोहरीएवढे खड्डे दिसले तर ती ओतकामातली हवेची छिद्रं. त्यांत मीठ-पाणी साचून तिथूनच गंज सुरू होतो. शेवटी काठोकाठ पाणी भरून दहा मिनिटं कागदावर ठेवा. कागद कोरडा राहिला तर घ्या. झाकण नीट बसतं का हेही तिथेच पाहा, कारण बिडाच्या कझानबरोबर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं वेगळं झाकण गळ्यात मारतात आणि ते पाव बोट सैल असतं.

नवा कझान आणल्या आणल्या चुलीवर चढवायचा नसतो. गंजू नये म्हणून कारखान्यात त्याला जे तेल फासलेलं असतं ते खाण्याचं नाही. ते साबणाने आणि उकळत्या पाण्याने दोनदा घासून काढा, लगेच आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करा. मग किलोभर जाडं मीठ टाकून मध्यम-मोठ्या आचेवर अर्धा-पाऊण तास भाजा, लाकडी उलथन्याने मीठ भिंतींवर चढवत राहा. मीठ करडं, मग काळपट होतं आणि उग्र वास सुटतो. तो वास पूर्ण थांबेपर्यंत थांबू नका. खिडक्या उघड्या हव्यात. मीठ टाकून द्या, कझान कोमट झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. आता अर्धी वाटी शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल घालून तापवा आणि कांद्याच्या अर्ध्या फोडीने ते काठापर्यंत चोळत राहा. धूर यायला लागला की आच बंद, तेल ओतून द्या, निवू द्या. असं तीनदा केलं की आतला राखाडी रंग जाऊन तुकतुकीत काळा येतो. इथेच बहुतेक जण घाई करतात: एकदाच तेल लावतात, तेही बुडालाच. मग पहिल्या पलोवचा तांदूळ काळसर निघतो आणि लोक भांड्याला नावं ठेवतात. तापलेलं तेल ओतताना मुलं आणि पाणी दोन्ही लांब ठेवा.

पलोवमध्ये कझान काय करतो हे एका किलोच्या मापावर पाहू. पाव लिटर तेल हलका धूर सुटेपर्यंत तापवायचं, त्यात किलोभर मटणाचे मोठे तुकडे लालसर करायचे, मग पाव किलो कांदा, मग बोटभर लांब काड्यांत चिरलेलं किलोभर गाजर. आपलं हिवाळी लाल गाजर लवकर विरतं, केशरी घ्या. गाजर मऊ पडलं की ते बुडेल इतकं पाणी, मीठ, दोन चमचे जिरं (उझबेकीत झिरा) आणि लसणाचे तीन-चार अख्खे गड्डे. याला झिरवाक म्हणतात. तो पाऊण ते एक तास मंद उकळत ठेवायचा आणि चवीला थोडा खारटच ठेवायचा, कारण तांदूळ मीठ ओढून घेतो. तांदूळ तिथे देवझिरा वापरतात: ठेंगणा, लालसर, पाणी पिणारा. इथे सेला बासमती सगळ्यात जवळ जातो. आंबेमोहोर नको, त्याचा गोळा होतो. अर्धा तास कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेला तांदूळ निथळून वर सपाट पसरायचा, ढवळायचा नाही, आणि झाऱ्यावरून उकळतं पाणी दीड सेंटिमीटर वर येईल इतकं ओतायचं. त्या झाऱ्याला तिकडे 'काफगीर' म्हणतात. दख्खनी उर्दू बोलणाऱ्या घरांत तो कफगीरच आहे.

इथून पुढे कझानची कसोटी. मोठ्या आचेवर पाणी आटताना काठाला आणि मध्ये बुडबुडे एकाच वेळी यायला हवेत. फक्त मध्ये येत असतील तर भांडं ज्योतीपेक्षा मोठं आहे. दर दोन मिनिटांनी थोडं फिरवा. पाणी आटल्यावर तांदूळ काठापासून सोडवून मध्ये ढिगारा करायचा, काठीने तळापर्यंत पाच-सहा भोकं पाडायची म्हणजे वाफ वर येते, आणि झाकण ठेवून अगदी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. ॲल्युमिनियमचं झाकण असेल तर त्याला आतून सुती फडकं बांधा. नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून वरचा थर गिच्च होतो आणि खालचा टणक राहतो. लाकडी झाकण ते पाणी स्वतःच शोषतं, म्हणून जुन्या ओचाकवर तेच दिसतं. बिडाच्या कझानमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत गॅस बंद केला तरी काम होतं, ॲल्युमिनियममध्ये नाही.

सपाट बुडाच्या आठ लिटरच्या बिडाच्या कझानला आमच्या मते घरगुती वापरात पाचापैकी साडेचार. अर्धा गुण वजनाला कापला: भरलेला कझान एकट्याने उतरवणं धोक्याचं आहे, आणि दोनच कान असलेल्यांपेक्षा चार कानांचा म्हणूनच बरा. गोल बुडाच्याला गॅसवर दोन, चुलीवर पाच. ॲल्युमिनियमला साडेतीन. याच कझानमध्ये मटणाचा रस्सा, हरभऱ्याची उसळ, तळणीसुद्धा छान होते. आंबट पदार्थ मात्र भांडं पुरतं मुरेपर्यंत टाळावेत, आणि कोकमाची आमटी तर कधीच नाही.

देखभालीत एकच गोष्ट कडक पाळायची: तापलेल्या बिडावर थंड पाणी नाही. तडा जातो आणि तो सांधता येत नाही. जेवण झाल्यावर कोमट पाणी घालून ठेवा, मऊ झालं की नारळाच्या काथ्याने घासा. साबण थोडा चालेल, तारेची घासणी चालणार नाही. उरलेला पलोव रात्रभर आत ठेवू नका. मीठ आणि ओल मिळून सकाळपर्यंत तांबूस डाग पडतात. धुतल्यावर आचेवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवायचं, जास्त लावलं तर ते चिकट होऊन खवट वास धरतं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा कझान बंद कपाटात झाकण लावून ठेवलात तर आत गंज धरणारच. झाकण वेगळं, आत वर्तमानपत्राचा चुरा, आणि दर पंधरा दिवसांनी एकदा आचेवर तापवून पुन्हा तेल. गंज आलाच तर घाबरू नका: जाड मीठ आणि बटाट्याच्या फोडीने घासून काढा, कोरडा करा, आणि तेलाचे तीन हात पुन्हा पहिल्यापासून द्या.